ट्यूब उशिरा पेटली

"तुझ्या सिस्टिमचा आवाज कोरडा आहे रे. मध्ये एक ट्यूब बफर टाक, बघ कसा उबदार होतो ते."

गेल्या वर्षभरात हे वाक्य मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. तिघेही इंजिनियर. तिघेही ऑफिसात "आधी लॉग दाखव, मग बोल" म्हणणारे. आणि मी त्यांच्यापेक्षा शहाणा आहे असंही नाही, कारण तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी साडेसहा हजार रुपये मोजले आणि तो डबा रोडपालीला घरी घेऊन आलो. काळा पत्र्याचा डबा, वर दोन काचेच्या नळ्या, नळ्यांच्या बुडाशी छान केशरी उजेड. आईला तो देवघराजवळ ठेवावासा वाटला, इतका देखणा.

तर मंडळी, आधीच सांगून टाकतो. आजचा लेख भांडणाचा आहे. माझं म्हणणं असं की घरच्या हेडफोनला किंवा स्पीकरला ट्यूब बफर जोडणं हे नव्व्याण्णव घरांत निदान न करता घेतलेलं औषध आहे. औषध चांगलं निघालं तर काही होत नाही. वाईट निघालं तर नवा आजार होतो. आणि मूळ दुखणं दोन्ही वेळा तसंच राहतं. माझ्या घरात ते दुखणं कुठे होतं ते शेवटी सांगतो, कारण ते कळायला मलाही शेवटच गाठावा लागला.

बफर म्हणजे काय

आमच्या धंद्यात बफर म्हणजे एस्टिमेटमध्ये मॅनेजरपासून लपवलेले चार दिवस. ऑडिओत तो जरा प्रामाणिक असतो. एखाद्या उपकरणाचा सिग्नल अशक्त असेल, म्हणजे त्याचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल, आणि पुढच्या उपकरणाला जास्त करंट हवा असेल, तर मध्ये एक हमाल उभा करायचा. त्याने व्होल्टेज आहे तसंच पुढे द्यायचं, पण करंट स्वतःच्या खिशातून भरायचा. बस. बफरचं गेन जवळपास एक. जे आत आलं तेच बाहेर.

ट्यूब बफरमध्ये ही हमाली व्हॉल्व करतो. (ट्यूब म्हटलं की आपल्याकडे ट्यूबलाइट आठवते. रेडिओवाल्या पिढीचा शब्द व्हॉल्व, मी तोच वापरतो.) फ्लेमिंगने १९०४ साली दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व केला, डी फॉरेस्टने १९०६ साली तिसरा घातला, आणि त्यानंतर चाळीसेक वर्षं जगातला प्रत्येक आवाज याच काचेतून मोठा होत होता. १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर आला. व्हॉल्वबद्दल मला आदर आहे. वाद त्याच्याशी नाही, त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या गोष्टीशी आहे.

आता गंमत बघा. व्हॉल्वचा बफर नीट बांधायचा तर त्याला कॅथोड फॉलोअर म्हणतात. या सर्किटमध्ये आउटपुट पूर्णच्या पूर्ण परत इनपुटशी ताडून बघितलं जातं, म्हणजे शंभर टक्के निगेटिव्ह फीडबॅक. त्यामुळे डिस्टॉर्शन फार कमी होतं. म्हणजे उत्तम बांधलेला ट्यूब बफर स्वतःचा रंग जवळजवळ चढवतच नाही! तो जितका चांगला, तितका अदृश्य. तो लावल्यावर आवाज जर ठळकपणे 'उबदार' झाला असेल, तर तो बफर म्हणून नापास झाला आहे.

आणि हमाल म्हणून तरी तो कसा आहे? १२ एयू ७ हा नेहमीचा व्हॉल्व घेतला तर आउटपुट इम्पीडन्स साधारण ४५० ओहम येतो. लॅमिंग्टन रोडवर काही दहा-वीस रुपयांत मिळणारी ५५३२ ही आयसी तेच काम एका ओहमच्या आत करते. आजच्या बहुतेक डॅकचा आउटपुट इम्पीडन्स शे-दोनशे ओहमच्या आत असतो आणि समोरच्या ॲम्पचा इनपुट दहा हजार ओहमच्या वर. म्हणजे ओझं नाहीच. रिकाम्या पिशवीसाठी हमाल कशाला?

डबा उघडला

माझ्या डब्यात कॅथोड फॉलोअर नव्हता, हे तो उघडल्यावर कळलं. नावापुरता बफर. आत ६ जे १ जातीचे दोन व्हॉल्व, बाहेरून १२ व्होल्टचा ॲडॅप्टर. ६ जे १ च्या डेटाशीटमधले आकडे १२० व्होल्टच्या आसपासचे. माझ्या मीटरवर प्लेटला दिसले २६. म्हणजे घोड्याला शेळीचा चारा घालून रेस लावलेली.

आणि तो केशरी उजेड? नळीच्या खाली सोल्डर केलेला एक एलईडी. व्हॉल्वच्या फिलामेंटचा खरा उजेड इतका मंद असतो की दिवसा दिसतच नाही. तो 'दिसावा' म्हणून खाली दिवा लावलाय. सॉफ्टवेअरमध्ये आपण प्रोग्रेस बार खोटा फिरवतो तसंच. (फिरवतो, कबूल करा.)

मग लॅपटॉप जोडला, एक किलोहर्ट्झचा टोन सोडला आणि स्पेक्ट्रम बघितला. डबा नसताना दुसरा हार्मॉनिक ९० डेसिबल खाली, म्हणजे गाडलेला. डबा मध्ये घातल्यावर तो ४६ डेसिबल खाली, म्हणजे अर्धा टक्का डिस्टॉर्शन. सोबत ५० हर्ट्झचा हम फुकट. शिवाय आउटपुटला व्होल्टेज मोजलं तर आत ०.५० आणि बाहेर ०.५९. जवळपास दीड डेसिबल मोठा आवाज.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबा, कारण सगळी मेख तिथे आहे. दीड डेसिबलचा फरक "आवाज मोठा झाला" असा ऐकू येत नाही. तो "आवाज भरदार झाला", "गाणारा जवळ आला" असा ऐकू येतो. हे कान-मेंदूचं जुनं ज्ञात वागणं आहे आणि दुकानदारांनाही ते माहीत असतं. मी पहिल्या रात्री डबा लावून जे "वा!" म्हणालो होतो, ते या ०.०९ व्होल्टला म्हणालो होतो.

खात्री करायची म्हणून धाकट्या बहिणीला कामाला लावलं. दोन्ही बाजूंचा आवाज मीटर लावून सारखा केला. ती पडद्यामागे, हातात स्विच आणि वही. नाणं उडवायचं, त्याप्रमाणे डबा आत किंवा बाहेर करायचा, मी ओळखायचं. असे १६ डाव. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांपेक्षा कमी, म्हणून १२ ही पास व्हायची रेघ ठरवली. मला ९ आले. बहीण म्हणाली, "दादा, मी न ऐकता आठ मिळवले असते."

आता बोला!

"पण दुसरा हार्मॉनिक संगीतमय असतो"

हा बालेकिल्ला. इथे येऊन सगळे व्हॉल्वप्रेमी दरवाजा लावून घेतात. युक्तिवाद असा: व्हॉल्व मुख्यतः दुसरा हार्मॉनिक वाढवतो, दुसरा हार्मॉनिक म्हणजे त्याच स्वराचं वरचं सप्तक, षड्जाला तार षड्ज मिळाला तर बिघडलं काय?

एकटा षड्ज लावून बसणार असाल तर काही बिघडत नाही. पण गाणं म्हणजे एका वेळी एकच स्वर नव्हे. तानपुरा चालू असतो, त्यावर गळा असतो. जी वक्रता दुसरा हार्मॉनिक पैदा करते तीच वक्रता दोन स्वर एकत्र आले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही पैदा करते. आणि गणित असं की दोन्ही स्वर सारख्या जोराचे असतील तर ही बेरीज-वजाबाकी त्या 'संगीतमय' हार्मॉनिकपेक्षा सहा डेसिबलने, म्हणजे दुपटीने, मोठी असते.

उदाहरण घेऊ. षड्ज २४० हर्ट्झ धरा. गाणारा बागेश्रीचा कोमल गंधार लावतोय, २८८ हर्ट्झ. बेरीज ५२८. वरच्या सप्तकात हा स्वर कुठे बसतो? कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ यांच्या मधोमध कुठेतरी. बागेश्रीत तो नाही, आणि दुसऱ्या कुठल्या रागाच्या दारातही त्याला कोणी उभं करणार नाही. वजाबाकी ४८. तिचे सप्तक वर वर चढवत नेले तर सापडतो कोमल धैवत. बागेश्रीत धैवत शुद्ध. म्हणजे ज्या डब्याने रागाला 'ऊब' आणायची, तो चोरून वर्ज्य स्वर लावतोय.

तुम्ही म्हणाल, अर्धा टक्का डिस्टॉर्शनमध्ये ते कितीसं ऐकू येणार? बरोबर! अगदी बारीक. माझे १६ पैकी ९ हेच सांगतात. पण मग ज्या हार्मॉनिकसाठी हा खटाटोप चाललाय तो तर याच्याही निम्मा. तो तरी कसा ऐकू येणार? ऊब ऐकू येते म्हणत असाल तर वर्ज्य स्वरही ऐकू आला पाहिजे. तो ऐकू येत नाही म्हणत असाल तर ऊबही सोडा. दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही.

आणि हार्मॉनिक हवेतच, तर ते घालणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मिरजेला. तिथला सतारमेकर तानपुऱ्याची जवारी काढतो, म्हणजे घोडीचा माथा घासून घासून असा बारीक उतार देतो की तार सुटताना त्यावर घसटत जाते आणि एका तारेतून स्वरांचा अख्खा समुदाय उठतो. वर सुताचा धागा तारेखाली सरकवून शेवटचा केसभर फरक साधायचा. षड्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तिथून येतो, तारेचा पाचवा हार्मॉनिक. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांसाठी. त्या माणसाने कुठला हार्मॉनिक किती ठेवायचा हे कानाने ठरवलंय. त्यावर आपण २६ व्होल्टच्या डब्याने आपली अक्कल लावायची?

आजोबांचा मर्फी

खरं तर हे सगळं आकड्यांचं भांडण नाही, मला माहीत आहे. 'उबदार' हा शब्द उच्चारला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एक रेडिओ असतो. आमच्याकडे महाडच्या आजोळी मर्फीचा होता. मर्फीचा कारखाना इथे ठाण्यातच होता. बटण फिरवलं की अर्धा मिनिट काहीच नाही, मग हळूहळू डायलचा पिवळा उजेड आणि त्यामागून आवाज. बाबा अजून सांगतात, "तसा आवाज पुन्हा झाला नाही."

बाबांचं खरं आहे. पण तो आवाज कशाचा होता? मीडियम वेव्हवर स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झवर बसवलेली, त्यामुळे साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं काही यायचंच नाही. चरचर, सळसळ, झांजेचं टोक सगळं गाळून. मग लाकडी पेटी, मागून उघडी. कागदी कोनाचा मोठा स्पीकर. आउटपुट ट्रान्सफॉर्मर. आणि घरात मोटारी नाहीत, एसी नाहीत, म्हणून शांतता. हे सगळं मिळून ती ऊब. बफरमध्ये यातलं काय आहे? एक काचेची नळी. मर्फीच्या आठवणीसाठी तिच्यातली काच विकत घेणं म्हणजे आजीच्या हातची चव यावी म्हणून फक्त तिची पळी आणण्यासारखं.

शिवाय जुन्या ध्वनिमुद्रणांत व्हॉल्व आधीच आहे! आकाशवाणी पुण्यावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभरात ५६ गीतं प्रसारित झाली. ॲम्प्लिफायरपासून ट्रान्समीटरपर्यंत तो व्हॉल्वचाच जमाना. तो जो काही रंग होता तो त्या काळच्या मुद्रणांत चढून बसलेला आहे. स्वच्छ वायरीतून वाजवलं तर तो जसाच्या तसा मिळेल. वर बफर लावणं म्हणजे आमटीला दुसऱ्यांदा फोडणी.

जे कबूल करायला हवं

भांडणात समोरच्याचं बरोबर असेल ते मान्य करावं, म्हणून तीन गोष्टी.

एक. बफरची खरी गरज कधी कधी असते. तुमच्याकडे प्रीॲम्प नसेल, नुसता ५० हजार ओहमचा पॉट आवाजासाठी लावला असेल आणि तिथून ॲम्पपर्यंत पाच मीटर केबल असेल, तर हिशेब करा. पॉटचा आउटपुट इम्पीडन्स मधल्या स्थितीत साडेबारा हजारपर्यंत जातो. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ५००. वीस किलोहर्ट्झला दोन डेसिबल पडले. इथे बफर लावाच. पण कुठलाही. आयसीचाही चालेल, उलट जास्त चांगला चालेल.

दोन. काही व्हॉल्व हेडफोन ॲम्पचा फरक खरोखर ऐकू येतो. त्याचं कारण वेगळं. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स १०० ओहमच्या घरात असतो. तुमचा हेडफोन नावाला ३०० ओहमचा, पण बासच्या भागात ५०० पर्यंत चढणारा असेल, तर तिथे साधारण एक डेसिबल जास्त आवाज मिळतो. म्हणून बास गुबगुबीत. हे खरं आहे. आणि हेच १०० ओहमचा दोन रुपयांचा रेझिस्टर वायरीत घालूनही होतं.

तीन. स्वतः बांधायचा असेल तर बांधा. शनिवार-रविवार सत्कारणी लागेल, ओहमचा नियम पुन्हा आठवेल. फक्त जपून. नीट चालणाऱ्या व्हॉल्व सर्किटमध्ये दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो दबा धरून बसतो. आणि गिटारवाल्यांना हे काही लागू नाही. त्यांचं डिस्टॉर्शन हे त्यांचं वाद्य आहे, आपलं नाही.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आधी काय बिघडलंय ते माहीत आहे, मग उपाय. "कोरडा वाटतो, ट्यूब टाक" यात पहिलं पाऊलच नाही.

कोरडं होतं ते काय

आता माझ्या घराकडे येऊ. आमचं बिल्डिंग रोडपालीत, मुंब्रा-पनवेल रस्त्याच्या बाजूने. एका अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी. त्यामुळे ट्रेलरची ये-जा चोवीस तास. रात्री अकरा वाजता खिडकी उघडी ठेवून फोनवरच्या ॲपने मोजलं तर आकडा पन्नासच्या खाली येईना. खिडकी लावून, जाड पडदा सोडून तो चाळीसवर आला. दहा डेसिबल, किंमत पडद्याची. कुठल्याही बफरने इतकं कधी दिलेलं नाही.

खोली दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट. आवाजाचा वेग ३४३ मीटर धरून भिंती-भिंतींमधले स्थायी तरंग काढले: ४७, ५६ आणि ५९ हर्ट्झ. शेवटचे दोन एकमेकांच्या मांडीवर बसलेले. स्पीकर कोपऱ्यात ठेवला होता, म्हणून डग्गा वाजला की कपाटाचं दार बोलायचं. स्पीकर कोपऱ्यातून काढले, तिथली दोन टोकं इक्वलायझरने पाच डेसिबल खाली आणली. समोरच्या उघड्या भिंतीवर आईची जुनी गोधडी टांगली. (गोधडीने डग्ग्याचा घुमारा जात नाही, वरचा खणखणाट जातो. दोन वेगळे रोग आहेत.) हे झाल्यावर आवाज जो काही बदलला तो बहिणीलाही न विचारता कळला.

पण बाबांची तक्रार गेली नाही. खरं तर सिस्टिम त्यांच्यासाठीच घेतली होती, निवृत्तीनंतर निवांत ऐकतील म्हणून. आणि 'कोरडा' हा मूळ शब्द मित्राचा नव्हताच, त्यांचा होता. "बाईचा आवाज कोरडा येतो रे. शब्द कळत नाहीत. रेडिओवर कळायचे." मी ते ऐकून डॅक बदलला. मग केबल बदलली. मग हा डबा. प्रत्येक वेळी मी विचारायचो, "आता?" आणि ते माझ्याकडे बघून, मला वाईट वाटू नये म्हणून, "हं, बरा आहे" म्हणायचे.

ट्यूब पेटली ती डब्याची नाही, माझी, आणि तीही उशिरा. एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून "सात वाजले का?" म्हणाली आणि बाबांनी "भात नको" असं उत्तर दिलं. आम्ही हसलो. मग मी एकटाच हसायचा थांबलो.

बाबा सव्वीस वर्षं एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. आठ तास पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या मध्ये. आपल्याकडे कारखान्यांसाठीची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे. त्यांना कधी कोणी मोजून दाखवलं नाही, त्यांनीही कानात कापसापलीकडे काही घातलं नाही. "शिफ्ट संपली की कानात शीळ वाजायची, जेवेपर्यंत जायची," हे त्यांनी परवा पहिल्यांदा सांगितलं. पनवेलला नेऊन ऑडिओग्राम काढला. आठशे रुपये, वीस मिनिटं. आलेख दोन किलोहर्ट्झपर्यंत ठीक, मग खाली, आणि चार किलोहर्ट्झला खड्डा. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची सही आहे.

स, श, फ, त या व्यंजनांची ओळख पटवणारा मोठा भाग दोन किलोहर्ट्झच्या वर असतो. स्वर ऐकू येतात, शब्द घरंगळतात. म्हणून 'कोरडा'. मी ज्या कोरडेपणावर दुसरा हार्मॉनिक लिंपत होतो, तो वायरीत नव्हताच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तोही एलईडी लावलेला बंब.

आणि हे फक्त प्रेस शॉपवाल्यांचं आहे असं समजू नका. आपण सकाळी मानसरोवरला लोकल पकडतो, डब्यातल्या खडखडाटावर मात करायला हेडफोन वाढवतो, ऑफिसात तोच आवाज ठेवून दिवसभर कोड लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तासांना ८० डेसिबलचा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. प्रत्येक कानात केसपेशी सुमारे पंधरा हजार, आणि गेलेली परत उगवत नाही. सिग्नलच्या साखळीतला हा एकच भाग असा आहे ज्याचा स्पेअर लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही. आणि आपण चर्चा करतो व्हॉल्व रशियन घ्यावा की चिनी!

म्हणून पुढच्या वेळी कोणी "ट्यूब टाक" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि तीन गोष्टी विचारा. आवाज मीटरने सारखा करून ऐकलंस का? खोलीत स्पीकर कुठे ठेवलाय? आणि शेवटची कानाची तपासणी कधी केलीस? तिसऱ्या प्रश्नावर तो हसेल. मीही हसलो असतो.

बाबांना गेल्या आठवड्यात कानाचं यंत्र ट्रायलवर दिलंय. पहिल्या दिवशी ते वैतागले. भांडी आपटतात, वर्तमानपत्र कडकडतं, पंखा बोलतो. गाणं लावलं तर म्हणाले, "हे फारच बोचतंय रे, जरा मऊ नाही का करता येणार?" क्षणभर माझा हात डब्याकडे गेला होता. :) पण ऑडिओलॉजिस्टने आधीच बजावलं होतं, वर्षानुवर्षं न आलेले आवाज परत आले की ते टोचतातच, काही आठवडे द्या.

काल रात्री त्यांनी स्वतःहून लावायला सांगितलं. खिडकी बंद, पडदा सोडलेला. मी सवयीने सोबत गुणगुणत होतो, तर अंतऱ्यात त्यांनी मला थांबवलं. एक शब्द मी लहानपणापासून चुकीचा म्हणतोय. त्यांनी तो दुरुस्त करून दिला.

असो. डबा कपाटावर आहे, बंद. कोणाला हवा असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. दिवा म्हणून उत्तम आहे.